गोचिडाचे पंचांग

अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 साली संपल्यावर टेक्सासमधील गुरांचे प्रचंड कळप उत्तरेकडील रेल्वेस्थानकांपर्यंत हाकीत नेण्याचा व्यापार भरभराटीस आला, आणि त्याबरोबरच वाटेवरच्या शेतकऱ्यांची एक चमत्कारिक तक्रार जोरात ऐकू येऊ लागली: दक्षिणेची गुरे स्वतः धडधाकट असतात, परंतु ती ज्या कुरणातून जातात तेथे चरणारी आमची गुरे महिना-दीड महिन्याने तापाने फणफणतात, त्यांना तांबडेकाळे मूत्र होते आणि थोड्याच दिवसांत ती माना टाकतात. जे जनावर रोगी दिसत नाही त्याने दुसऱ्यास रोग द्यावा, आणि तोही स्पर्शावाचून, हे विद्वानांस पटेना. गुरे पाळणाऱ्यांनी गोचिडाकडे बोट दाखविले तेव्हा त्यांची चेष्टाच झाली. अडाणी ठरविलेल्या माणसाचे म्हणणे दप्तरी दाखल होण्यास वीसेक वर्षे लागली, यात नवल ते काय!

1889 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनजवळच्या सरकारी प्रयोगक्षेत्रात डॉक्टर थिओबाल्ड स्मिथ आणि पशुवैद्य एफ. एल. किलबोर्न यांनी कुरणाचे कुंपणबंद तुकडे पाडले. एकात गोचिडांसह आलेली दक्षिणी गुरे स्थानिक गुरांत मिसळली. दुसऱ्यातही तशीच मिसळली, पण त्यांच्या अंगावरचा गोचीड अन् गोचीड हाताने वेचून काढल्यानंतर. आणि तिसऱ्यात दक्षिणेचे एकही जनावर न आणता नुसते गोचीड गवतात पसरले. पहिल्या व तिसऱ्या तुकड्यातील स्थानिक गुरे आजारी पडली, दुसऱ्यातील सुखरूप राहिली. पुढे स्मिथने रोगी जनावरांच्या तांबड्या रक्तपेशींत जोडीजोडीने राहणारे जंतू दाखविले, ज्यांना आज बाबेसिया म्हणतात. अंडी उबवून मिळविलेली गोचिडाची पिले निरोगी जनावरावर सोडून त्याने रोगही उत्पन्न केला. 1893 चा त्यांचा अहवाल म्हणजे गोचिडासारखा क्षुद्र जीव एकपेशीय जंतूचा रोग वाहून नेतो याचा पहिला निर्विवाद पुरावा होय. सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले ते त्यानंतर चार वर्षांनी.

महिना-दीड महिन्याच्या विलंबाचे कोडेही येथेच उलगडले. हा गोचीड सगळे आयुष्य एकाच जनावरावर काढतो. सुमारे तीन आठवड्यांत मादी रक्त पिऊन टच्च फुगते, गवतात गळून पडते, हजारो अंडी घालते आणि मरते. जंतू तिच्या अंड्यांतून पिलांत उतरतात, म्हणजे ज्याने रोगट रक्त प्यायले तो गोचीड पुढच्या गाईस कधी चावतच नाही, चावते त्याची संतती. दक्षिणेची गुरे धडधाकट दिसत, कारण वासरपणी सौम्य ताप येऊन गेल्याने त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती बाणलेली असे.

पुढे हा गोचीड नाहीसा करण्यासाठी अमेरिकेत गुरांना औषधी पाण्यात बुडविण्याची मोहीम निघाली, आणि त्या औषधी स्नानाची सारी योजना गोचिडाच्या पंचांगावरच आखलेली होती. तीन आठवड्यांत मादी गळून पडणार, तर दर चौदा दिवसांनी गुरे बुडवावीत, म्हणजे कोणतीच मादी अंड्यांपर्यंत पोहोचत नाही. जमिनीत एका जनावराच्या रुंदीचा लांबट सिमेंटी हौद असे. अलीकडचा उतार इतका उभा की पाय सुटताच जनावर धप्पदिशी आत पडे, डोके कोरडे राहिले तर काठावरचा माणूस बेचक्याच्या काठीने ते क्षणभर दाबी, आणि पोहत पलीकडे गेलेली गाय निथळत उभी राही त्या फरसबंदीवरून पाणी पन्हळीने पुन्हा हौदात येई. ते पाणी म्हणजे धुण्याच्या सोड्यासह उकळलेला सोमल. हौदावर येण्याआधी जनावरास पोटभर पाणी पाजावे, असा दंडक होता. तो का, हे सांगणे नलगे.

1906 साली सुरू झालेल्या या मोहिमेचा शेवट 1943 मध्ये झाला, आणि रिओ ग्रांदे नदीकाठची एक पट्टी वगळता देश गोचीडमुक्त ठरला. परंतु एका शेतकऱ्याने टाळाटाळ केली तर शेजाऱ्यांचे वर्ष फुकट जाई, म्हणून सक्ती आली. आणि चारदोन गाई असलेल्या गरिबाला त्या हौदापर्यंत मैलोगणती हाकीत नेण्याचा जाच बड्या मालकापेक्षा अधिक होता. सुरुंगाने हौद उडविण्यात आले, सरकारी तपासनिसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. विज्ञान बरोबर होते. पण त्याच्या खर्चाची वाटणी न्याय्य होती, असे मला वाटत नाही.

दक्षिण आफ्रिकेत पंचांग निराळे. तेथे बुळकांडीने कळप नष्ट झाल्यावर बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर विसाव्या शतकारंभी पूर्वकिनाऱ्याचा ज्वर आला. त्याचा वाहक, तपकिरी कानगोचीड, आयुष्यात एकामागून एक तीन यजमान धरतो आणि दर खेपेस काही दिवसांतच गळतो, म्हणून नाताळ प्रांतात वॉटकिन्स-पिचफर्ड याने तीन ते पाच दिवसांच्या अंतराने स्नान घालण्याची पद्धत रूढ केली. शेजारच्या ऱ्होडेशियात हाच हौद गोऱ्या सरकारच्या जुलमाचे चिन्ह बनला. 1970 च्या दशकातील स्वातंत्र्ययुद्धात स्नाने बंद पडली आणि लक्षावधी गुरे गोचीडजन्य रोगांनी मेली.

महाराष्ट्रातील संकरित गाईंस ग्रासणाऱ्या थायलेरिया या गोचीडजन्य रोगाचा वाहक गोचीड बराच काळ गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत दडून राहतो, त्यामुळे आपल्याकडे गाय धुऊन काम भागत नाही. भिंतीही लिंपाव्या लागतात.

टेक्सासच्या सरहद्दीवर आजही घोडेस्वार पहारेकरी मेक्सिकोतून भटकत आलेली गुरे पकडून हौदात घालतात. पण त्यांना नवी डोकेदुखी झाली आहे ती आपल्याच नीलगायीची. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हौसेने तेथे नेऊन सोडलेल्या या जनावराची संख्या आता हजारोंनी वाढली असून ते गोचीड अंगावर घेऊन मैलोन्‌मैल फिरते. त्याला ना मालक, ना नोटीस लागू. म्हणून ते ज्या ठिकाणी कुंपणाखालून सरपटत जाते तेथे आपोआप उडणारे फवारे बसवून पाहण्यात आले आहेत.