घाम गाळा, वास टाळा!

नॅचरल डिओ विकत घ्यायचा, की घरीच बनवायचा? आणि मुळात तो चालतो का? तळवडे, निगडी, चाकणच्या पट्ट्यात दिवसभर घाम गाळणाऱ्या तमाम यंग प्रोफेशनल्ससाठी हा खास फंडा.

एप्रिलची संध्याकाळ. तळवडे आयटी पार्कमधली ऑफिसं सुटलीयेत आणि त्रिवेणीनगर चौकातलं ट्रॅफिक नेहमीप्रमाणे जॅम. बाइकवर असाल तर डोक्यावर हेल्मेट, अंगात जॅकेट आणि पाठीला चिकटलेली लॅपटॉपची सॅक. बसमध्ये असाल तर वरच्या दांडीला धरलेला तुमचा हात आणि शेजाऱ्याचं नाक यांत जेमतेम वीतभर अंतर! सकाळी आरशासमोर फुसफुस मारलेला डिओ अशा वेळी नेमका कुठे गायब होतो, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेलच. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘केमिकलवालं सोड यार, नॅचरल वापर.’ सल्ला छानच आहे. पण नॅचरल म्हणजे काय, आणि आठ-दहा तासांच्या ड्युटीत ते टिकतं का, हे आधी बघून घेऊ या.

घाम बिचारा निर्दोष!

पहिली गोष्ट म्हणजे घामाला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच. आपल्या अंगभर पसरलेल्या बहुतेक घर्मग्रंथी पाणी आणि मीठ बाहेर टाकतात. त्यांचं काम शरीर थंड ठेवणं. काखेत मात्र दुसऱ्या प्रकारच्याही ग्रंथी असतात, ज्या वयात आल्यावर कामाला लागतात. त्यांच्या घामात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थांचे अंश असतात. काखेतल्या जिवाणूंची त्यावर मस्त पार्टी चालते, आणि पार्टीनंतर मागे उरतो तो वास. या वासातले काही रेणू गंधकाचे असतात, म्हणून कधीकधी कांद्याची आठवण येते. २०२० मध्ये इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी तर ‘स्टॅफिलोकॉकस होमिनिस’ या जिवाणूतलं नेमकं एन्झाइमच शोधून काढलं, जे हा उग्र वास तयार करतं.

म्हणजे भांडण घामाशी नाहीच, जिवाणूंशी आहे. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, की दुकानातले निम्मे कन्फ्युजन तिथेच संपतं.

लेबल वाचा, मग डबी उचला

शेल्फवर तीन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी उभ्या असतात. पहिली, बॉडी स्प्रे. यात मुख्यतः अल्कोहोल आणि सुगंध, म्हणजे वासावर वास. दुसरी, डिओडरंट. हा जिवाणूंना आवर घालतो, पण घाम थांबवत नाही. तिसरी, अँटीपर्स्पिरंट. यातले अल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळ्यांच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात, त्यामुळे घामच कमी होतो.

आता नीट ऐका : कुठलाही अस्सल नॅचरल डिओ पहिल्या किंवा तिसऱ्या नंबरचं काम करायला जन्मलेलाच नाही. तो दुसऱ्या गटातला. काख ओली होणारच. प्रश्न एवढाच, की ओली काख वास मारते की नाही. प्रेझेंटेशनच्या वेळी शर्टवर गोल डाग दिसू नयेत एवढीच इच्छा असेल, तर नॅचरलच्या मागे लागू नका. साधं अँटीपर्स्पिरंट घ्या आणि रात्री झोपताना कोरड्या काखेत लावा. रात्री घाम कमी असतो, त्यामुळे ते जास्त चांगलं बसतं.

पण त्याने कॅन्सर होतो म्हणे? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा मेसेज फार जुना आहे. सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी २००२ मध्ये स्तनाचा कॅन्सर झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना केली, तेव्हा डिओ-अँटीपर्स्पिरंटचा संबंध आढळला नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीचंही म्हणणं तेच, की ठोस दुवा दिसत नाही. किडनीचा आजार असेल तर मात्र अल्युमिनियमवालं काहीही डॉक्टरांना विचारूनच वापरा. म्हणजे नॅचरलकडे वळायचं तर भीतीपोटी नको. त्वचेला झेपतं, सुगंधाची अ‍ॅलर्जी आहे, खर्च वाचतो, आवडतं, ही कारणं पुरेशी आहेत.

आणि हो, ‘नॅचरल’ या शब्दाला फार भुलू नका. अमेरिकेच्या एफडीएनेही सौंदर्यप्रसाधनांसाठी या शब्दाची व्याख्या केलेली नाही. मागची बारीक अक्षरातली यादी हाच खरा बायोडेटा!

सलूनमधला सुपरस्टार : तुरटी

गढूळ पाण्यात आजी फिरवायची ती, दाढी झाल्यावर सलूनवाला गालावर घासतो ती, तीच आपली तुरटी. परदेशात हीच ‘क्रिस्टल डिओ’ म्हणून गुळगुळीत पॅकिंगमध्ये विकली जाते. तुरटी त्वचा आकसवते आणि जिवाणूंना वाढू देत नाही. स्वस्त, बिनवासाची, कपड्यांना तेलकट डाग नाहीत. नॅचरल डिओच्या टीममधली ओपनिंग बॅट्समन म्हणा ना!

पण एक गंमत आहे. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अल्युमिनियमचं सल्फेट. त्यामुळे एखाद्या क्रिस्टलवर ‘अल्युमिनियम-फ्री’ असं छापलेलं दिसलं, तर गालातल्या गालात हसा आणि पुढे चला. ज्यांना किडनीच्या त्रासामुळे अल्युमिनियम टाळायचंय, त्यांच्यासाठी तुरटीही त्याच यादीत येते.

वापरायची कशी? आंघोळीनंतर तुरटीचा खडा ओला करा, काखेत आठ-दहा वेळा हलकेच फिरवा, वाळू द्या, मग शर्ट घाला. दुसरी पद्धत स्प्रेची : एक छोटा चमचा तुरटीची पूड शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवायची, गाळायची आणि स्प्रेच्या बाटलीत भरायची. आठवड्याला ताजं करा. काखेतले केस काढल्यावर लगेच लावू नका, चरचरेल.

किचनमधले प्रयोग : काय चालतं, काय नाही

लिंबू : नको रे बाबा! लिंबाचा रस प्रचंड आम्लधर्मी असतो, त्वचेची आग होते. शिवाय रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे काळे डाग उमटू शकतात. बिनबाह्यांचा ड्रेस घालणाऱ्यांनी तर लांबच राहावं.

खायचा सोडा : वासावर चालतो, पण सांभाळून. आपल्या त्वचेचा पीएच पाचच्या आसपास, तर सोड्याचं पाणी आठच्या वर. रोज भरपूर चोळलात तर लाली, खाज, सोलवटणं ठरलेलं. घरगुती डिओने काख लाल झाली की पहिला संशयित सोडाच.

तुरटी आणि सोडा एकत्र : डबल धमाका नाही, डबल झिरो! एक आम्ल, दुसरा अल्कली. एकत्र आले की फसफसतात आणि एकमेकांना निकामी करतात.

खोबरेल तेल : जिवाणूंना थोडाफार आवर घालतं आणि बामचा बेस म्हणून मस्त. फक्त ते २४-२५ अंशांना वितळतं. म्हणजे डिसेंबरात दगड आणि मे महिन्यात सॅकमध्ये पूर! यावर उपाय म्हणजे मधमाशीचं मेण, जे साठ अंशांच्या वर वितळतं.

ही घ्या रेसिपी. तीन मोठे चमचे खोबरेल तेल आणि एक मोठा चमचा किसलेलं मधमाशीचं मेण एका वाटीत घ्या आणि ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून दोन्ही विरघळवा. मेणबत्तीचं मेण चालणार नाही. खाली उतरवून तीन मोठे चमचे आरारूट आणि पाव छोटा चमचा सोडा घाला. त्वचा नाजूक असेल तर सोडा गाळा. नीट ढवळून छोट्या डबीत ओता. सुगंध हवाच असेल तर वाळ्याच्या अत्तराचे दोन थेंब, जास्त नाही. ‘टी ट्री’सारखी तेलं थेट काखेत लावू नका, त्यांचीही अ‍ॅलर्जी होते. वाटाण्याएवढा बाम पुरतो. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. काही झालं नाही तरच पुढे जा.

सुगंधाचं हे वेड काही मॉलबरोबर आलेलं नाही बरं का! बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’मध्ये स्नान, अंगाला लावायचे लेप आणि धूप यांवर सविस्तर लिहिलंय. दिवाळीच्या उटण्यातला वाळा आणि नागरमोथा हे त्याच परंपरेतले. पण उटणं आंघोळीपुरतं. ते धुतलं जातं, संध्याकाळपर्यंत राखण करत नाही.

‘डिटॉक्स’ची थाप

‘पहिले काही आठवडे जास्त वास येईल, ते काखेचं डिटॉक्स आहे,’ असं अनेक ब्रँड सांगतात. काख विषारी द्रव्यं बाहेर फेकत नाही. ते काम लिव्हर आणि किडनीचं. होतं एवढंच, की अँटीपर्स्पिरंट बंद केल्यावर बूच निघून जातं, घाम पूर्वीसारखा येतो आणि जिवाणूंची वस्ती बदलते. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७ जणांवरच्या छोट्या अभ्यासात ही वस्ती बदललेली दिसली. तेव्हा आठ-दहा दिवस धीर धरणं ठीक. पण खाज आणि पुरळ सहन करत ‘डिटॉक्स चालू आहे’ म्हणत बसणं, हा शुद्ध वेडेपणा.

खरा व्हिलन अंगावरच!

कंपनीचा लोगो छापलेला तो चकचकीत पोलो टी-शर्ट आठवा. बहुतेकदा पॉलिस्टर. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या २०१४ मधल्या अभ्यासात २६ जणांना तासभर स्पिनिंगचा व्यायाम करायला लावला आणि त्यांचे टी-शर्ट दुसऱ्या दिवशी हुंगले. पॉलिस्टरचे सुतीपेक्षा स्पष्टपणे जास्त वास मारत होते. काही वास करणारे जिवाणू पॉलिस्टरवर छान वाढतात. म्हणजे काखेत कितीही भारी डिओ लावा, शर्ट कालचाच असेल तर सगळं फुकट.

युनिफॉर्म बदलणं आपल्या हातात नाही. पण आत सुती बनियन घालणं, शर्ट उलटा करून काखेच्या भागाला साबण लावून धुणं, उन्हात पूर्ण वाळवणं आणि लॉकरमध्ये एक जादा बनियन ठेवणं हातात आहे. शॉप फ्लोअरवर उभं राहणाऱ्यांसाठी जेवणाच्या सुट्टीत काख पाण्याने पुसून, कोरडी करून पुन्हा तुरटी फिरवणं हा दोन मिनिटांचा उपाय भारीतल्या स्प्रेवर मात करतो. काखेतले केस कमी ठेवले तर साबणही नीट पोहोचतो. आणि हो, लसूण आणि मेथीचा वास घामातही उतरतो. मेथीचे लाडू खाऊन डिओला दोष देऊ नका!

मग माझ्यासाठी कोणता?

साधी टेस्ट करा. आठवडाभर डाव्या काखेत तुरटी, उजव्या काखेत बाम. संध्याकाळी शर्ट काढून दोन्ही बाजू हुंगा. आपल्या नाकाला आपल्याच वासाची सवय होते, म्हणून घरातल्या कुणाला तरी बिनधास्त विचारा. बहीण असेल तर उत्तर नक्कीच खरं मिळेल! जी बाजू जिंकेल ती तुमची. दोन्ही हरल्या तर लाजायचं कारण नाही, अँटीपर्स्पिरंट आहेच.

बसल्या जागी शर्ट भिजेल इतका घाम येत असेल, रात्री घामाने जाग येत असेल, वजन उतरत असेल किंवा वास अचानक बदलला असेल, तर मात्र रेसिपी बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. थायरॉइड, मधुमेह अशी कारणंही त्यामागे असू शकतात.

आणि शेजारच्या क्यूबिकलमधल्या मित्राला सांगायचं असेल तर? ग्रुपवर जोक टाकू नका, डेस्कवर गुपचूप डिओ ठेवून जाऊ नका. १९१९ मध्ये ओडोरोनो नावाच्या अमेरिकन कंपनीने बायकांना घामाची लाज वाटेल अशी जाहिरात एका मासिकात छापली होती, तेव्हा सुमारे २०० वाचकांनी चिडून वर्गणी बंद केली. पण माल खपला, आणि लाज विकण्याचा धंदा तेव्हापासून जोरात आहे. आपण तो पुढे कशाला चालवायचा? चहाच्या टपरीवर बाजूला घ्या आणि सरळ सांगा, ‘अरे, राग मानू नकोस, मलाही कुणीतरी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. शर्टला वास येतोय, तुरटी लावून बघ.’ एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. त्याच्या पाठीमागे वर्षभर नाक मुरडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.