पारावरची मते आणि आकाशातली वीज

आषाढाच्या आगेमागे, पऱ्हे उपटण्याजोगे झाले आणि बांध्यांत चिखलणीचे पाणी साचले, की भंडारा जिल्ह्यात तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत रोवणीची एकच लगबग उडते; आणि दिवसभर कंबर वाकवून आलेली माणसे सायंकाळी पारावर विसावली, की पावसाच्या अंदाजापासून शंकरपटातल्या जोडीपर्यंत आणि नव्या वाणापासून मुलांच्या हातातल्या मोबाईलपर्यंत सर्व विषयांवर मुक्तकंठाने मते मांडली जातात. या संभाषणांविषयी मला मनापासून आदर आहे, कारण विज्ञान आणि यंत्रे यांविषयी लोकांचे मन पाठ्यपुस्तकांपेक्षा येथेच अधिक घडते. परंतु त्यांतली काही मते अशी असतात की ढग गडगडू लागल्यावर माणसाने कोठे उभे राहावे हे तीच ठरवतात. अशी मते केवळ जुनी आहेत किंवा सर्वमान्य आहेत एवढ्यावरून ग्राह्य धरता येत नाहीत.

विजेविषयीची मते या जातीची आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या दप्तरात २०२२ या एका वर्षी वीज पडून दगावलेल्यांची संख्या २,८८७ आहे, आणि या आपत्तीची सर्वाधिक झळ लागते ती उघड्या रानात राबणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांना व गुराख्यांना. तलाठी पंचनामा करतो, तहसील कचेरीतून सानुग्रह साहाय्य मंजूर होते, आणि घरातला कर्ता माणूस मात्र परत येत नाही.

पारावरचे पहिले मत असे, की पायाळू माणसावर वीज धावून येते. वस्तुतः वीज कोणाचा जन्म कसा झाला हे पाहत नाही. ढगाच्या तळाशी ऋण विद्युद्भार साचतो, त्याच्या प्रभावाने खालच्या जमिनीवर धन भार गोळा होतो, आणि मधल्या हवेचा रोध तुटला की क्षणार्धात जो प्रवाह वाहतो त्याने वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, तापते. ही वाट वरून पायरीपायरीने उतरते आणि आपले लक्ष्य अगदी शेवटच्या टप्प्यात निवडते. त्या निवडीत महत्त्व उंचीला, टोकदारपणाला आणि एकाकीपणाला. सपाट बांधीत उभे राहिलेले माणूस, पायाळू असो वा नसो, आसमंतातली सर्वांत उंच वस्तू ठरते.

दुसरे मत अधिक घातक आहे: पाऊस आला की धुऱ्यावरच्या मोहाखाली उभे राहावे. झाड उंच म्हणून वीज त्यावर पडते, आणि खोडातून उतरताना शेजारच्या माणसावर झेप घेते. शिवाय जमिनीत शिरलेला प्रवाह चहूकडे पसरत जातो व दूर जाता जाता क्षीण होतो. त्यामुळे एका पायाखालच्या आणि दुसऱ्या पायाखालच्या जमिनीत विद्युद्दाबाचा फरक पडतो, आणि पाय जितके फाकलेले तितका प्रवाह देहातून अधिक वाहतो. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत मोठे अंतर असल्यामुळे झाडाखाली बांधलेली जोडी जागच्या जागी कोसळते, ते याच कारणाने. विजेचे बहुसंख्य बळी थेट आघाताचे नसून अशा बाजूच्या व जमिनीतल्या प्रवाहाचे असतात.

तिसरे मत नव्या काळाचे आहे: मोबाईल वीज खेचतो. खिशातल्या या यंत्राची उंची शून्य आणि त्याच्या लहरींची शक्ती अत्यल्प. मैलभर हवेतून विजेची वाट वळवण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. भिंतीतल्या वायरला जोडून चार्जिंगवर लावलेला फोन कानाला लावणे मात्र धोक्याचे, कारण तेव्हा वीज तारेच्या वाटेने घरात येऊ शकते. या गैरसमजाची खंत अशी, की त्यामुळे लोक ढग आल्याबरोबर तेच साधन बंद करून ठेवतात, ज्यावर वेळीच इशारा मिळू शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे अ‍ॅप तयार केले आहे. वीज चमकली की तिच्यापासून रेडिओलहरी निघतात. जुन्या रेडिओवर वादळात जी खरखर ऐकू येई ती याच लहरींची. निरनिराळ्या केंद्रांवरच्या यंत्रांना त्या किंचित पुढेमागे पोहोचतात, आणि त्या सूक्ष्म अंतरावरून वीज कोठे पडली याचे गणित मांडून २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातल्या माणसाला सावध केले जाते.

मोबाईलने पोरे बिघडवली, हेही मत पारावर नित्य ऐकू येते, आणि त्यातही विवेकाची गरज आहे. मोबाईलवरचा खेळ आणि मोबाईलवरचा जुगार या दोन वस्तू भिन्न आहेत. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये कायद्याने बंदी घातली आणि त्याच कायद्याने ई-क्रीडेला मान्यता दिली, तेव्हा हाच भेद मान्य झाला. खेळात सेकंदाच्या शतांशाचा विलंब ओळखणाऱ्या मुलाला रोवणीच्या दिवसांत घरच्यांनी एक काम अवश्य सोपवावे. वीज चमकली की त्याने सेकंद मोजावे; ध्वनीला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणून मोजलेल्या आकड्याला तीनाने भागले की विजेचे अंतर कळते. रेंज नसलेल्या बांधीतही हे गणित चुकत नाही.

चौथे मत असे, की वीज लागलेल्याला शिवू नये. आणि शेजारच्या छत्तीसगढात तर त्याला शेणात पुरून ठेवण्याची रीत आहे. त्या देहात वीज साठून राहत नाही, त्याला हात लावण्यात काडीचाही धोका नाही. अनेकदा हृदय व श्वास थांबलेले असतात, आणि छाती दाबून कृत्रिम श्वास देत तत्काळ दवाखान्यात नेले तर माणूस वाचू शकतो. शेणात गेलेली घटका ही त्याच्या आयुष्यातून वजा झालेली घटका होय.

म्हणून ग्रामपंचायतींना, शाळांना आणि रोवणीची टोळी घेऊन जाणाऱ्या प्रत्येक मालकाला माझी विनंती आहे. चमक व गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असले, की काम थांबवून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. उघडी छपरी वा ट्रॅक्टर हा निवारा नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. निवारा नसेल तर एकमेकांपासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे होऊ नये. आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी कापू नये. कारण मजुरी कापली जाणार असेल, तर सर्व काही ठाऊक असूनही बायामाणसे बांधीतून हलणार नाहीत.