कुशीवर वळलं की घर फिरतं? आधी कान तपासून घ्या

पुणे : पहाटे आई अंथरुणात उजव्या कुशीवर वळली आणि ओरडलीच, "अरे, घर पडतंय!" आम्ही धावलो. घर जागेवरच होतं. आईनं मात्र खाटेची कड घट्ट धरली होती. डोळे मिटलेले, अंगाला दरदरून घाम. अर्ध्या मिनिटात सगळं शांत झालं. पुन्हा आडवी झाली की पुन्हा तेच.

ही गोष्ट मागच्या खट्ट्या बहारातली. आमची पुरंदर तालुक्यात अंजिराची बाग आहे. अंजीर तोडायला मान वर करावी लागते आणि मान वर केली की आईला झाड गरागरा फिरताना दिसायचं. कुणी म्हणालं बीपी, कुणी पित्त, कुणी अशक्तपणा. शेजारच्या काकूंनी दृष्टही काढली. एका दवाखान्यात मानेचा एक्स-रे काढला, मणक्यात गॅप आहे म्हणून गळ्याला पट्टा दिला आणि चक्करच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने आई भिंतीला टेकून बसून झोपली. एक दिवस न्हाणीत तोल गेला आणि मनगट मोडलं.

मग पुण्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नवा फोटो काढायला लावला नाही. आईला टेबलावर झटकन आडवं केलं, डोळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "मानेचं काही नाही. कानातले खडे हललेत." पुढच्या पाच-सात मिनिटांत डोकं ठरावीक पद्धतीनं वळवून त्यांनी खडे जागेवर नेले. त्या रात्री तीन महिन्यांनी आई आडवी झोपली.

हे आमच्याच घरी घडलं असं नाही. या चक्करचं डॉक्टरी नाव बीपीपीव्ही. चक्कर येण्याच्या सगळ्यात नेहमीच्या कारणांपैकी हे एक आहे. तरी गावाकडं ते माहीत नसतं, म्हणून हा लेख.

कानात नेमकं काय होतं?

आतल्या कानाचं काम फक्त ऐकण्याचं नाही, तोल सांभाळण्याचंही आहे. तिथं अर्धगोल वळणाच्या तीन बारीक नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. गवंड्याच्या लेव्हलच्या बाटलीसारखंच समजा. डोकं वळलं की पाणी हलतं आणि डोकं कुठं वळलं ते मेंदूला कळतं.

या नळ्यांच्या शेजारच्या पिशवीत चुनखडीचे अगदी बारीक कण चिकटलेले असतात. ते तिथंच असायला हवेत. पण वय वाढलं, डोक्याला मार बसला, कानाच्या आत सूज येऊन गेली किंवा आजारपणात बरेच दिवस पडून राहावं लागलं, तर काही कण सुटतात आणि नळीत उतरतात. बऱ्याचदा कारण सापडतही नाही. पन्नाशीच्या पुढं हा त्रास जास्त दिसतो, त्यातही बायकांना जास्त. मग डोकं थांबलं तरी नळीतले कण घरंगळत राहतात. मेंदूला वाटतं अजून फिरतोय.

ही चक्कर कशी ओळखायची?

- कुशीवर वळताना, आडवं होताना, अंथरुणातून उठताना, माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना किंवा खाली वाकताना येते.
- डोळ्यांपुढं नुसती अंधारी येत नाही. आजूबाजूचं सगळं गरगर फिरतं.
- एका वेळी साधारण मिनिटभराच्या आत थांबते. मळमळ आणि डोकं हलकं वाटणं मात्र नंतरही राहतं.
- ऐकू कमी येत नाही. बोलणं, हातपाय व्यवस्थित असतात.

आईला दिवे घाटाच्या वळणांची फार धास्ती होती. घाटात काहीच झालं नाही. त्रास झाला तो डॉक्टरांनी आडवं केल्यावर.

खात्री करण्याची तपासणी १९५२ साली डिक्स आणि हॉलपाइक या इंग्लंडमधल्या दोन डॉक्टरांनी सांगितली. डोकं एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन आडवं करायचं आणि बुबुळं पाहायची. खडे असले तर बुबुळं ठरावीक दिशेनं थरथरतात. त्यावरून कोणता कान आणि कोणती नळी ते कळतं. सरळ केस असेल तर एमआरआयची गरज लागत नाही.

डोकं वळवून खडे कसे निघतात?

ठिबकच्या नळीत वाळू अडकली तर नुसती मोटर चालू-बंद करून निघत नाही. नळीचं तोंड खाली धरून ती बाहेर आणावी लागते. अमेरिकेतले डॉ. जॉन एप्ली यांची पद्धत तशीच आहे. सुरुवातीला त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही, पण १९९२ साली त्यांचा लेख छापून आला आणि आज ही पद्धत जगभर वापरतात. दहापैकी साधारण आठ जणांना एक-दोन वेळांतच आराम पडतो.

उजव्या कानाचा, मागच्या नळीतला त्रास असेल तर क्रम असा :

१. खाटेवर पाय लांब करून बसा. आडवं झाल्यावर खांद्याखाली येईल अशी उशी मागं ठेवा. डोकं उजवीकडं अर्धं वळवा.
२. तसंच झटकन आडवं व्हा. डोकं उशीच्या मागं थोडं खाली झुकलेलं हवं. चक्कर येईल, घाबरू नका. थांबेपर्यंत, किमान अर्धा मिनिट थांबा.
३. डोकं न उचलता डावीकडं तेवढंच वळवा. पुन्हा अर्धा ते एक मिनिट.
४. आता डाव्या कुशीवर वळा, तोंड जमिनीकडं येईल असं. पुन्हा तेवढंच थांबा.
५. पाय खाली सोडून सावकाश उठून बसा. लगेच उभं राहू नका.

डावा कान असेल तर सगळं उलट. खडे दुसऱ्या नळीत असतील तर लोळण्याचा वेगळा प्रकार करावा लागतो. म्हणून पहिली वेळ डॉक्टरांच्या किंवा जाणकार फिजिओथेरपिस्टच्या हातानंच करा. आपला कान आणि क्रम नीट समजून घ्या, मग घरी करा. शेजारी माणूस हवाच.

कान कोणता ते नीट कळत नसेल, तर डॉक्टर कधी कधी ब्रँट-डॅरॉफ नावाचा व्यायाम देतात. खाटेच्या कडेवर बसायचं, डोकं डावीकडं अर्धं वळवून उजव्या कुशीवर पडायचं, अर्धा मिनिट थांबून उठायचं, अर्धा मिनिट बसायचं. मग डोकं उजवीकडं वळवून डाव्या कुशीवर. असं पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा, साधारण दोन आठवडे. याला वेळ जास्त लागतो आणि गुण एप्लीइतका लवकर येत नाही.

मानेचं ऑपरेशन झालेलं असेल, मानेचा मोठा त्रास असेल, डोळ्याचा पडदा सरकलेला असेल किंवा हृदयाचा गंभीर आजार असेल तर विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

मग गोळ्यांचं काय?

गोळ्यांनी मळमळ आणि गरगरणं दबतं, खडे जागेवर जात नाहीत. चार-दोन दिवस ठीक आहे. महिनोन् महिने खाल्ल्या तर त्यातल्या काहींनी म्हाताऱ्या माणसाला सुस्ती येते आणि पडायची भीती उलट वाढते. मात्र चालू गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना हा त्रास परत परत होतो असं दिसलंय, तेही तपासून घ्या.

इथं व्यायाम नाही, १०८

बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय, एक हात किंवा पाय लुळा पडलाय, एकाचे दोन दिसतायत, उभंच राहता येत नाही, डोकं भयंकर दुखतंय किंवा चक्कर तासन् तास थांबतच नाही, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा व्यायाम करत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

कुठं जायचं?

आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. पुण्यात स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. सकाळीच पोचून केसपेपर काढावा. जाताना माणूस सोबत न्या, स्वतः गाडी चालवू नका. आणि एवढंच सांगा : कोणत्या कुशीवर वळल्यावर चक्कर येते आणि किती वेळ टिकते. या दोन उत्तरांवर निम्मं निदान होतं. आम्हाला तीन महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

खडे पुन्हा सुटू शकतात. पाच वर्षांत निम्म्यापर्यंत लोकांना हा त्रास परत होतो, असं आढळलंय. आईलाही श्रावणात एकदा झाला. या वेळी पट्टा नाही, एक्स-रे नाही. डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी दाखवलेला क्रम घरीच केला, मी शेजारी उभा होतो. दोन दिवसांत ती बागेत होती. उंचावरची अंजिरं मात्र आता आम्हीच तोडतो.