कॉमर्स की कॉम्प्युटर? दोन्ही का नाही!



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो, "कॉमर्सला घालायचं की कॉम्प्युटरला?" मुलाला हिशोबाचीही आवड असते आणि कॉम्प्युटरचीही. मग एक आवड सोडावीच लागणार, असं आपण धरून चालतो. खरं तर तसं नाही.

पैसा संगणकावर कसा आला?

मुंबईचा शेअर बाजार १८७५ सालचा. तिथे शंभराहून जास्त वर्षं दलाल ओरडून, हातवारे करून सौदे करत. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावर सौदे सुरू झाले. पुढच्याच वर्षी जुना बाजारही संगणकावर आला. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड लागला.

आता विचार करा. भाजीवाल्या मावशींना आपण ५० रुपये पाठवतो, ते काही सेकंदांत पोहोचतात. त्यामागे प्रोग्राम लिहिणारा असतो. संशयास्पद व्यवहार हेरणारा असतो. अशा लाखो व्यवहारांवरून बाजाराची चाल ओळखणाराही असतो. या तिघांनाही आकडे आणि संगणक दोन्ही कळावे लागतात.

कोणकोणती कामं आहेत?

- डेटा अ‍ॅनालिस्ट : बँकेतली माहिती तपासून कोणतं कर्ज बुडण्याची शक्यता आहे ते सांगणं.
- रिस्क अ‍ॅनालिस्ट : बाजार घसरला तर संस्थेचं किती नुकसान होईल याचा अंदाज बांधणं.
- अ‍ॅक्च्युअरी : विम्याचा हप्ता किती असावा हे संभाव्यतेच्या गणिताने ठरवणं.
- क्वांट : शेअर खरेदी-विक्रीची गणिती सूत्रं तयार करून ती प्रोग्राममध्ये उतरवणं.
- फिनटेक डेव्हलपर : पैसे पाठवण्याची, गुंतवणुकीची अ‍ॅप्स बनवणं.
- अर्थशास्त्रातील संशोधक : महागाई, रोजगार यांची आकडेवारी आर किंवा पायथॉन वापरून अभ्यासणं.

खरा निर्णय अकरावीत होतो

अकरावी कॉमर्सला बहुतेक कॉलेजांत गणित किंवा एस.पी. यांपैकी एक विषय घ्यावा लागतो. "एस.पी. सोपं आहे, मार्क पडतात," म्हणून अनेक मुलं गणित सोडतात. तिथेच वर सांगितलेल्या बऱ्याच वाटा अवघड होतात, कारण या सगळ्या कामांचा पाया संख्याशास्त्र आणि संभाव्यता हाच आहे. म्हणून पालकांना एकच विनंती, मुलाला गणित जमत असेल तर केवळ टक्क्यांसाठी ते सोडायला लावू नका. शक्य असेल तिथे आय.टी. हा विषयही घ्यावा.

पुढच्या वाटा

- पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थशास्त्राची बी.एस्सी. करता येते.
- सायन्सच्या मुलांना जेईई अ‍ॅडव्हान्स्डमार्फत आयआयटी मुंबईत अर्थशास्त्राची पदवी घेता येते.
- अ‍ॅक्च्युअरी व्हायचं असेल तर बारावीनंतर एसीईटी ही प्रवेश परीक्षा देता येते.
- आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर करता येतो. दहावीला गणित आणि इंग्रजी हवं, आणि त्यांची पात्रता फेरी पार करावी लागते. ज्यांनी एस.पी. घेतलं आहे त्यांनीही हे लक्षात ठेवावं.

कॉमर्सची पदवी घेता घेता एक्सेल, एसक्यूएल आणि पायथॉन शिकलं तरी सुरुवात होते.

वर्गात काय करता येईल?

शिक्षक मित्रांनो, आठवीत चक्रवाढ व्याज आहे, दहावीच्या गणितात 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. ते फळ्यावर शिकवून झालं की मुलांना संगणक कक्षात न्या. १०,००० रुपये, १० टक्के दर, ३ वर्षं. एक्सेलमध्ये सूत्र टाकलं की ११,०००, १२,१०० आणि १३,३१० असे आकडे दिसतात. मग मुलांना दर बदलून पाहू द्या, वर्षं २० करू द्या. पैसा कसा वाढतो आणि कर्जही कसं वाढतं, हे मुलं स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. त्यात कोणाला गोडी लागते तेही तुम्हाला लगेच कळेल.

अशा मुलाच्या पालकांना बोलावून एवढंच सांगा, अकरावीचा फॉर्म भरताना गणित सोडू नका. नोकरीचं नाव पुढे बदलेल, पण आकड्यांची समज आणि संगणकाची सवय वाया जाणार नाही.