नाशिकला वाईन चाखायला निघालात? स्टिअरिंग कोणाकडे, ते आधी ठरवा

निपाणी : कोल्हापूर, पुणे करत नाशिक गाठायचं, द्राक्षबागा बघायच्या, वाईन चाखायची. दोन दोस्तांचा बेत झक्कास. पण गाडी कोण चालवणार?

टेस्टिंगमध्ये चार-पाच वाईन थोड्या थोड्या मिळतात. 'घोटभरच तर घेतली' असं वाटतं, पण घोट साचत जातात. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वाईन तोंडात घोळवून थुंकायची पद्धत आहे, त्यात लाज नाही. तरी चालवणाऱ्यानं घेऊच नये.

दुसरी भानगड परतताना, कोगनोळीला. दारू जीएसटीत येत नाही. प्रत्येक राज्याचा अबकारी कर वेगळा. नाशिकमध्ये घेतलेल्या बाटलीचा हिशेब महाराष्ट्राच्या खात्यात. सीमा ओलांडली, की कर्नाटकाच्या लेखी ती बाहेरची दारू. दुकानाचं बिल म्हणजे परवाना नव्हे. चोर्ला घाटातून गोव्याची बाटली आणणाऱ्यांनाही हाच नियम.

बाटली आणायचीच असेल, तर निघण्यापूर्वी अबकारी खात्यात चौकशी करा. नाहीतर चव तिथंच घ्या. घरच्यांसाठी बेदाणे आणा.