आपोआप पुन्हां सुरू होणारा सर्व्हर

कापडाच्या गिरणींतील स्वयंचलित साच्यावर ताण्याच्या प्रत्येक धाग्याला धातूची एक पातळ पट्टी अडकविलेली असते. धागा तुटला कीं पट्टी खालीं पडते आणि साचा आपोआप थांबतो. कामगाराला हजारों धाग्यांवर डोळे लावून बसावें लागत नाहीं. परळ भागांतील कित्येक गिरण्यांच्या जागीं आज कचेऱ्या उभ्या आहेत. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही अशाच एका राखणदाराची गरज भासते.

वेब सर्व्हर म्हणजे मागितलेलें पान तयार करून पाठविणारा प्रोग्राम. पुष्कळसे सर्व्हर सुरू होतांना आपल्या सूचना फाइलींतून वाचून स्मृतींत घेतात आणि पुढें त्या स्मृतीप्रमाणेंच चालतात. म्हणून फाइलींत दुरुस्ती केली तरी चालूं सर्व्हरला तिचा पत्ता नसतो. त्याला बंद करून पुन्हां सुरू करावें लागतें.

ही अडचण नवी नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० सालीं पुरा केलेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची स्मृति ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती, आणि प्रोग्राम तिच्यांत कागदी फितीवरून भरला जाई. प्रोग्राम बदलला कीं फीत सुधारून पुन्हां भरणें ओघानेंच आलें. आज फीत गेली, परंतु पुन्हां भरण्याचें काम उरलें. तें वारंवार करतांना विचारांची साखळी तुटते. आणि एखाद्या वेळीं तें राहून गेलें, तर दुरुस्ती बरोबर असूनही ती चुकली असें समजून प्रोग्रामकर्ता भलतीकडेच दोष शोधीत बसतो.

यावरील उपाय पायथॉन भाषेंतील, २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘जँगो’ या प्रणालींत स्पष्ट दिसतो. तिच्या विकासकाळच्या सर्व्हरांत दोन प्रक्रिया असतात; एक पालक, दुसरी पाल्य. पाल्य प्रक्रिया पानें पुरविते आणि सामान्यतः दर सेकंदाला प्रत्येक फाइल शेवटीं केव्हां बदलली हें तपासते. बदल दिसला कीं ३ हा ठराविक अंक मागें ठेवून ती स्वतः संपते. पालक प्रक्रिया तो अंक ओळखून नवी पाल्य प्रक्रिया सुरू करते, व ती नव्या सूचना वाचते. लिनक्समध्यें तर फाइल बदलल्याची वर्दी खुद्द प्रणालीचा गाभाच देऊं शकतो. मग वारंवार तपासण्याचीही गरज राहत नाहीं.

या सोयीला मर्यादाही आहेत. प्रक्रिया संपतांच तिच्या स्मृतींत साठलेलें सर्व नष्ट होतें. म्हणून जपावयाची माहिती डेटाबेसांत ठेवावी लागते. परंतु सर्वांत महत्त्वाचें हें कीं, ही सोय कारखान्यांतील आहे, दुकानांतील नव्हे. दादरच्या एखाद्या गृहिणीनें तिकिटाचे पैसे भरले आणि त्याच क्षणीं सर्व्हर संपला, तर व्यवहार पुरा झाला कीं नाहीं हें तिला कळणार नाहीं.

म्हणून लोकांच्या सेवेंतील सर्व्हर निराळ्या रीतीनें बदलतात. ‘एंजिन-एक्स’ या सर्व्हरला नवी मांडणी वाचण्याची आज्ञा दिली कीं तो नव्या कामकरी प्रक्रिया उभ्या करतो, जुन्यांना नवें काम देणें थांबवितो, आणि हातांतील काम पुरें झाल्यावरच त्यांना निरोप देतो. प्रयोगशाळेंत यंत्र क्षणभर थांबलें तरी चालतें. लोकांच्या दारीं मात्र पाळी बदलावी ती कोणाचेंही काम अर्धवट न टाकतां.