जहाजवाहतूक उद्योगातील माहिती तंत्रज्ञान मनुष्यबळ

जहाजवाहतूक उद्योगातील माहिती तंत्रज्ञान मनुष्यबळ या संज्ञेत जहाज कंपन्या, बंदरे, कंटेनर टर्मिनले, ड्राय पोर्ट आणि फ्रेट फॉरवर्डर यांच्या संगणक प्रणाली उभारणाऱ्या, चालविणाऱ्या आणि सुरक्षित ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांचा समावेश होतो. भारतात संगणक अभियंत्यांची कमतरता नाही. कमतरता आहे ती संगणक आणि मालवाहतूक ही दोन्ही क्षेत्रे जाणणाऱ्या माणसांची. असे ज्ञान महाविद्यालयात क्वचितच मिळते. ते प्रत्यक्ष कामातून काही वर्षांत तयार होते आणि कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबरच जाते. या लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः नागपूर आणि न्हावा शेवा येथील परिस्थितीच्या आधारे या प्रश्नाचा परिचय करून दिला आहे.

कामाचे स्वरूप

भंडारा-गोंदिया भागातील तांदळाचा एक कंटेनर नागपूरहून परदेशी निघाला, असे उदाहरण घेता येईल. नागपुरात कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (कॉनकॉर) या सार्वजनिक कंपनीचा अंतर्देशीय कंटेनर डेपो अजनी येथे उभा राहिला. अशा डेपोत सीमाशुल्काची तपासणी होते, त्यामुळे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असूनही निर्यातीच्या दृष्टीने माल तेथेच 'बंदरात' पोहोचतो. निर्यातदाराचे शिपिंग बिल 'आइसगेट' या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर दाखल होते, तपासणीनंतर निर्यातीची परवानगी मिळते आणि कंटेनर रेल्वेने सुमारे ८५० किमीचा प्रवास करून न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात जातो.

या प्रवासात कंटेनरपेक्षा त्याविषयीचे संदेश अधिक वेळा हलतात. कंटेनर फाटकातून आत आला किंवा बाहेर गेला याचा संदेश 'कोडेको', जहाजावर चढवावयाच्या कंटेनरांची यादी 'कोप्रार' आणि जहाजावर कोणता कंटेनर कोणत्या जागी रचला आहे याचा आराखडा 'बॅप्ली' या नावाने ओळखला जातो. ही नावे संयुक्त राष्ट्रांच्या 'एडिफॅक्ट' या मानकातील आहेत. ते १९८०च्या दशकात तयार झाले आणि आजही जगभर वापरात आहे. नव्या अभियंत्याला या संदेशांची रचना आठवडाभरात समजते. पण एखादा संदेश चुकल्यास धक्क्यावर नेमके काय अडते, हे समजण्यास फार वेळ लागतो. शीतकंटेनर वीजजोडणीच्या जागीच ठेवावा लागतो, धोकादायक माल एकमेकांपासून ठरावीक अंतरावर ठेवावा लागतो, जड कंटेनर खाली असावा लागतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे नियम ठाऊक नसतील, तर त्याचा प्रोग्राम तांत्रिकदृष्ट्या बिनचूक असूनही घातक ठरू शकतो.

वजनाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत 'एमएससी नापोली' या कंटेनरजहाजाचा सांगाडा फुटला व ते किनाऱ्याला लावावे लागले. नंतर त्याच्या डेकवरील सुमारे ६६० कंटेनर तोलण्यात आले, तेव्हा १३७ कंटेनरांच्या प्रत्यक्ष आणि घोषित वजनात ३ टनांहून अधिक फरक आढळला. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढण्यापूर्वी प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन कळविणे आंतरराष्ट्रीय नियमानुसार बंधनकारक झाले. त्यासाठी लागणारा संगणकीय बदल वरकरणी एका रकान्याचा होता. प्रत्यक्षात वजनकाटा, निर्यातदार, जहाज कंपनी व टर्मिनल या चौघांच्या प्रणाली जुळवाव्या लागल्या.

सायबर हल्ले आणि मनुष्यबळाची गरज

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या घातक प्रोग्रामने डेन्मार्कच्या मार्स्क कंपनीचे जगभरातील जाळे बंद पाडले. त्याचा फटका न्हावा शेवा येथील गेटवे टर्मिनल्स इंडिया या तिच्याच समूहाने चालविलेल्या टर्मिनललाही बसला. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितल्यानुसार सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर इतका होता. जाळ्याच्या मूळ नोंदी ठेवणारे सर्व्हर एकापाठोपाठ नष्ट झाले होते. त्यांपैकी घाना येथील एक तेवढा वाचला, आणि तोही हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे. पुनर्उभारणी मात्र योगायोगाने होत नाही. कोणती प्रणाली आधी सुरू करावी आणि कोणती दोन दिवस थांबू शकते, हे ठरविण्यासाठी जुने जाणते कर्मचारीच लागतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरातील दुसऱ्या एका टर्मिनलच्या माहिती प्रणालीवर हल्ला झाला आणि काही जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. दरम्यान आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जून २०१७ मध्ये ठराव करून जहाजांच्या सुरक्षा व्यवस्थापनात सायबर धोक्यांचा विचार करण्यास सांगितले होते. १ जानेवारी २०२१ नंतरच्या पहिल्या वार्षिक तपासणीपर्यंत हे पूर्ण करावयाचे होते. जहाजावरील विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळणाऱ्या 'इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर' या पदासाठी २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी स्वतंत्र पात्रता ठरविली. नियमांमुळे मागणी वाढली, पण त्या वेगाने माणसे तयार झाली नाहीत.

कर्मचारी टिकविण्यातील अडचणी

वेतन हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्या अधिक पगार देतात, हे उघड आहे. त्याखेरीज हा धंदा चढउतारांचा आहे. २०२१-२२ मध्ये कंटेनरचे भाडे विक्रमी पातळीवर गेले, पुढे ते कोसळले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्स्कने एकूण किमान १०,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. प्रकल्पांचीही तीच गत होते. मार्स्क व आयबीएम यांनी २०१८ मध्ये गाजावाजाने सुरू केलेला 'ट्रेडलेन्स' हा ब्लॉकचेनवर आधारित मंच बंद करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. अशा बातम्या वाचणाऱ्या तरुण अभियंत्याला या क्षेत्रात दहा वर्षे काढण्याचा भरवसा वाटत नाही.

दुसरी अडचण जुन्या प्रणालींची आहे. दोन-तीन दशकांपूर्वीचे प्रोग्राम अजूनही चालतात, आणि ते सांभाळणाऱ्याला आपले कौशल्य इतर बाजारात निरुपयोगी होत असल्याची भीती असते. शिवाय जहाजे रविवार पाळत नाहीत. रात्रपाळी आणि मध्यरात्रीचे फोन हा नोकरीचाच भाग असतो. वर्षातील ठरावीक काळ देशाबाहेर असणाऱ्या खलाशाला प्राप्तिकरात अनिवासी म्हणून मिळणारा लाभ किनाऱ्यावरील कर्मचाऱ्याला मिळत नाही.

बाँड लिहून घेणे हा भारतीय कंपन्यांचा आवडता उपाय असला तरी त्याने माणूस मुदतीपुरताच थांबतो. अधिक उपयुक्त ठरणारा मार्ग म्हणजे नव्या अभियंत्याला सुरुवातीचे काही आठवडे डेपोत, धक्क्यावर आणि सीमाशुल्क दलालाच्या कार्यालयात काम पाहू देणे. तसेच समुद्रावरून निवृत्त झालेल्या कप्तान व मुख्य अभियंत्यांना त्याच गटात घेणे. व्यवस्थापक न होताही पद व पगार वाढण्याची सोय असेल, तर चांगला तंत्रज्ञ आपले काम सोडून अधिकारी होण्याच्या मागे लागत नाही.

नागपूर

नागपुरात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी आहेत, पण त्यांची गाठ क्वचितच पडते. १९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था (व्हीएनआयटी), २०१६ मध्ये सुरू झालेली भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि अनेक खासगी महाविद्यालयांतून दरवर्षी अभियंते बाहेर पडतात. त्यांतील बरेच जण पुणे, मुंबई, हैदराबाद किंवा बंगळुरूची वाट धरतात.

दुसरी बाजू मिहान प्रकल्पाची. त्याच्या पूर्ण नावातच 'बहुविध आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्र' असे शब्द आहेत, आणि २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे त्याचे काम सोपविण्यात आले. मिहानच्या विशेष आर्थिक क्षेत्रात टीसीएस व एचसीएल यांसारख्या कंपन्या आल्या, परसोडी येथील आयटी पार्कमध्येही सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. मात्र त्यांचे काम मुख्यतः परदेशी बँका, विमा कंपन्या, किरकोळ व्यापार इत्यादींसाठी चालते. काही किलोमीटरवरील डेपोतून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरांशी त्याचा संबंध नाममात्रच येतो. जहाज कंपन्यांची तंत्रज्ञान व सेवा केंद्रे प्रामुख्याने मुंबई, पुणे, चेन्नई व बंगळुरू येथे आहेत.

नागपूरच्या बाजूने एक गोष्ट आहे. स्वतःच्या गावात, आईवडिलांच्या घरी राहून नोकरी मिळाली, तर थोड्या कमी पगारावरही माणूस टिकतो, असा लहान शहरांत केंद्र उघडणाऱ्या कंपन्यांचा हिशेब असतो. करोनाकाळात घरून काम करताना विदर्भातील अनेक अभियंत्यांनी हा हिशेब स्वतःही मांडून पाहिला. मालवाहतुकीचे प्रत्यक्ष शिक्षणही येथे मिळू शकते. नागपूरच्या डेपोशिवाय वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे जवाहरलाल नेहरू बंदराच्या पुढाकाराने ड्राय पोर्टचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. जुलै २०१६ पासून त्या बंदरातील कंटेनरांवर आरएफआयडी टॅग लावून त्यांचा माग ठेवला जातो. ही माहिती महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी उत्तम साधन ठरावी, पण स्थानिक अभ्यासक्रमांत बंदर किंवा सीमाशुल्क प्रणालींना अद्याप फारसे स्थान नाही.

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पातील टर्मिनले सुरू होतील, तेव्हा त्यांना जी अनुभवी माणसे लागतील, त्यांचे शिक्षण आतापासूनच सुरू व्हावे लागेल. अन्यथा ती न्हावा शेव्यातूनच ओढून घेतली जाण्याची शक्यता अधिक आहे.